खिमा-बटाट्याचा ओव्हनमधला पदार्थ: बटाटे कच्चे राहतात आणि तळाशी पाणी साचते, यावर उपाय काय?

प्रश्न

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला सहा माणसे असतात. त्यांत दोन लहान मुले आहेत आणि कडक पदार्थ चावता न येणाऱ्या सासूबाईही आहेत. सर्वांना एकाच भांड्यातून वाढता येईल, पोट भरेल आणि ऐन जेवणाच्या वेळी मला शेगडीपाशी उभे राहावे लागणार नाही असा पदार्थ हवा, म्हणून मी बीफचा खिमा आणि बटाट्याच्या चकत्या यांचे थर लावून ओव्हनमध्ये भाजते. कांदा-लसणावर खिमा परतते, त्यात टोमॅटोची प्युरी घालते, वर कच्च्या बटाट्याच्या चकत्या रचते, त्यांवर दूध व चीज घालते आणि १८० अंश सेल्सिअसवर पाऊण तास ठेवते. चव चांगली येते. परंतु वरचे चीज गडद तपकिरी झाले तरी मधल्या चकत्या करकरीत राहतात, आणि वाढताना तळाशी तेलकट पाणी दिसते. दूधही कधीकधी फाटल्यासारखे होते.

माझे दोन प्रश्न आहेत. हे तिन्ही दोष एकाच कारणाने येतात की प्रत्येकाचे कारण वेगळे आहे? आणि सगळी तयारी सकाळी करून संध्याकाळी केवळ भांडे ओव्हनमध्ये ठेवले, तर ते लहान मुलांच्या दृष्टीने सुरक्षित आहे का?

पहिला प्रतिसाद

कारणे वेगवेगळी असली तरी ती एकाच ठिकाणी येऊन मिळतात. या पदार्थात पाणी फार आहे, आणि ते बाहेर काढण्याचे काम तुम्ही ओव्हनवर सोपवले आहे. थर लावून झाकलेल्या भांड्यातून वाफ बाहेर पडायला फारशी जागा नसते, त्यामुळे जे पाणी शेगडीवर उडून गेले नाही ते भांड्यातच राहते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की खिमा आणि बटाटा हे दोन्ही जवळजवळ तयार होऊनच ओव्हनमध्ये जावेत. थर एकजीव करणे आणि वरचा भाग खरपूस करणे, एवढेच काम ओव्हनकडे ठेवावे.

प्रथम बटाट्यांविषयी. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लाच्या सान्निध्यात सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या रसाला लागून असलेल्या कच्च्या चकत्या बराच वेळ भाजूनही कडक राहतात. तुमच्या भांड्यात नेमके हेच घडत असावे. एक किलो बटाट्यांच्या तीन ते चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, त्या थंड पाण्यात घाला, लिटरमागे सुमारे १० ग्रॅम मीठ टाका आणि पाण्याला उकळी आल्यावर चार-पाच मिनिटे शिजवा. सुरीचे टोक किंचित अडखळत आत जाईल, पण चकती मोडणार नाही, अशा अवस्थेत त्या चाळणीत काढा आणि रुंद ताटात पसरून ठेवा. गरम चकत्यांतून वाफ निघून जाऊ देणे महत्त्वाचे आहे, कारण ती वाफ म्हणजे नंतर तळाशी साचणारे पाणीच होय. मिठाच्या पाण्यात शिजल्यामुळे बटाट्याला आतून चव येते, हाही लाभ आहे.

आता खिम्याकडे वळू. सहा जणांसाठी ७५० ग्रॅम खिमा पुरेसा आहे. रुंद, जड बुडाचे पातेले चांगले तापवून खिमा दोन हप्त्यांत परता. सगळा एकदम घातला तर पातेले थंड पडते, खिम्याला पाणी सुटते आणि तो त्याच पाण्यात उकडतो. मग त्याचा रंग राखाडी होतो आणि खमंगपणा येत नाही. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन त्याचे तापमान १४० अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय तो तपकिरी रंग आणि वास तयार होत नाही, आणि पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून खिमा पसरा, तीन-चार मिनिटे मुळीच ढवळू नका, खालची बाजू तपकिरी झाली की मग उलथून मोकळा करा. मीठ नंतर घाला. सुटलेली चरबी झाऱ्याने खिमा बाजूला घेऊन काढून टाका. २० टक्के चरबीचा खिमा असेल तर ती बरीच निघते. ती मोरीत मात्र ओतू नका, थिजली की नळी तुंबते. त्यानंतर त्याच पातेल्यात दोन कांदे मऊ करा, तीन-चार लसूण पाकळ्या घाला, दोन मोठे चमचे टोमॅटोची घट्ट पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत परता, मग खिमा परत घालून एक कप पाणी किंवा मांसाचा रस्सा ओता आणि मंद आचेवर आटवा. डाव पातेल्याच्या तळावरून ओढल्यावर मागे स्वच्छ वाट राहिली आणि ती लगेच रसाने भरली नाही, की खिमा थर लावण्यास योग्य झाला असे समजावे.

दूध फाटण्याचे कारणही आम्ल आणि उष्णता हेच आहे. सुटे दूध ओतण्याऐवजी ४० ग्रॅम लोण्यावर ४० ग्रॅम मैदा हलका परतून त्यात ५०० मिलिलिटर दूध थोडेथोडे मिसळा आणि दोन-तीन मिनिटे उकळू द्या. मैद्यातील स्टार्च दुधातील प्रथिनांना गुठळी करण्यापासून बऱ्याच अंशी रोखतो, आणि सॉस घट्ट असल्यामुळे तो तळाशी उतरत नाही. त्यात मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ पुरेसे आहे.

२३ बाय ३३ सेंटिमीटरच्या खोलगट भांड्यात खाली बटाटे, मग खिमा, पुन्हा बटाटे आणि वर सॉस अशी रचना करा. १९० अंशांवर २० मिनिटे फॉइलने झाकून ठेवा, नंतर फॉइल काढून १०० ग्रॅम किसलेले चीज पसरा आणि आणखी १५ ते २० मिनिटे भाजा. पंख्याचा ओव्हन असल्यास तापमान २० अंशांनी कमी ठेवा. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे हात लावू नका. तेवढ्या वेळात सॉस घट्ट होतो आणि तुकडे न विस्कटता निघतात.

दुसरा प्रतिसाद

वरील बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, मात्र बटाटे आधी शिजवलेच पाहिजेत असे मला वाटत नाही. चकत्या दोन मिलिमीटर इतक्या पातळ कापल्या, त्यांच्या आणि टोमॅटोच्या खिम्यामध्ये सॉसचा एक थर दिला आणि १८० अंशांवर पूर्ण एक तास घट्ट झाकून ठेवले, तर कच्च्या चकत्याही लोण्यासारख्या मऊ होतात. शिवाय त्यांचे स्टार्च धुतले जात नसल्यामुळे सॉस अधिक दाट होतो. त्याच कारणासाठी कापलेल्या चकत्या पाण्यात भिजत ठेवू नयेत. त्या काळ्या पडण्याची भीती असेल तर सगळ्यात शेवटी कापाव्यात. वेळ अधिक लागतो हे खरे, पण एक भांडे कमी घासावे लागते. पाऊण तासात जेवण हवे असेल तर मात्र पहिल्या प्रतिसादातील पद्धतच योग्य आहे. शंका असल्यास झाकण काढण्यापूर्वी भांड्याच्या मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. वरच्या रंगावरून आतल्या चकत्यांचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरा प्रतिसाद

सुरक्षिततेच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही आणि घरात लहान मुले व वृद्ध व्यक्ती असल्यामुळे मला तो चवीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अखंड मांसाच्या तुकड्यावर जिवाणू प्रामुख्याने बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना तो बाहेरचा भाग आत मिसळला जातो, म्हणून खिमा आतपर्यंत पूर्ण शिजणे आवश्यक असते. बीफच्या खिम्यासाठी आतले तापमान किमान ७१ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले जाते. केवळ गुलाबी रंग गेला म्हणून खिमा शिजला असे मानू नये, कारण काही वेळा त्याआधीच तो तपकिरी दिसू लागतो. मांसाचा थर्मामीटर फार महाग नसतो आणि या कामी तो मनापासून घेण्यासारखा आहे.

सकाळी तयारी करण्यास हरकत नाही, परंतु खिमा अर्धवट परतून ‘उरलेला ओव्हनमध्ये शिजेल’ अशा विचाराने ठेवून देऊ नका. अर्धवट गरम झालेल्या मांसात जिवाणू मरत नाहीत आणि कोमट अवस्थेत ते झपाट्याने वाढतात. खिमा सकाळीच पूर्ण शिजवा, उथळ भांड्यात पसरून लवकर थंड करा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. बटाटे आणि सॉसही गार झाल्यावरच थर लावा. गरम खिम्यावर गार बटाटे रचून झाकले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. संध्याकाळी भांडे थेट फ्रिजमधून जाणार असल्याने १५ ते २० मिनिटे अधिक धरा आणि मध्यभागी ७४ अंश झाल्याची खात्री करा. भांडे काचेचे असेल तर गार भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्याने ते तडकू शकते, म्हणून अशा तयारीसाठी धातूचे भांडे बरे. उरलेला पदार्थ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. तो पुन्हा तितकाच गरम करून वाढावा.

सासूबाईंसाठी एक सुचवते: चकत्यांऐवजी बटाटे कुस्करून वर पसरा. पिठूळ जातीचे बटाटे मोठ्या फोडी करून उकडा, पाणी काढून टाकल्यावर त्याच पातेल्यात मंद आचेवर एक-दोन मिनिटे हलवून कोरडे करा, मग हातानेच कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवल्यास स्टार्च मोकळे होऊन लगदा चिकट होतो आणि तो कशानेही सुधारत नाही. एक किलो बटाट्यांना ६० ग्रॅम लोणी आधी आणि सुमारे १०० मिलिलिटर गरम दूध नंतर मिसळा. खिमा गार झालेला असावा, नाहीतर कुस्करलेला बटाटा त्यात बुडतो. कडेने सुरुवात करून मध्याकडे पसरत या, म्हणजे रस कडेने उकळून वर येत नाही. काट्याने वर रेघा ओढा. त्यांचे उंचवटे २०० अंशांवर अर्ध्या तासात सुरेख खरपूस होतात. चकत्यांचा पदार्थ गोठवला तर बटाटा पाणचट आणि रवाळ होतो, कुस्करलेल्याचे मात्र फारसे काही बिघडत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. खिमा पूर्ण शिजवून गार करण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि टोमॅटोमुळे बटाटे कडक राहत असतील असा तर विचारच केला नव्हता. सासूबाईंसाठी या आठवड्यात कुस्करलेल्या बटाट्याचाच पदार्थ करीन. एक शंका उरते: धाकट्या मुलाला दूध सोसत नाही. सॉस आणि लोणी दोन्ही वगळले तर पदार्थ कोरडा होणार नाही का?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

होणार नाही, फक्त ओलावा खिम्याकडून घ्यावा लागेल. खिमा परतून झाल्यावर त्यावर दोन चमचे मैदा भुरभुरवा, एक मिनिट परता, दीड कप रस्सा घाला आणि चमच्याच्या पाठीला लागून राहील इतकाच घट्ट होऊ द्या. या वेळी पूर्ण आटवू नका. बटाटे कुस्करताना लोण्याऐवजी तेल आणि दुधाऐवजी बटाटे उकडलेले पाणीच वापरा. त्या पाण्यात स्टार्च आणि मीठ दोन्ही असल्यामुळे बटाटा मऊसूत होतो, म्हणून चाळणीत ओतण्यापूर्वी एक कप पाणी बाजूला काढून ठेवण्यास विसरू नका. चीज अर्थातच वगळा आणि रेघांवर थोडे तेल ब्रशने लावा. विकतच्या रश्श्याच्या वड्यांमध्ये कधीकधी दुधाचे घटक असतात, तेव्हा वेष्टनावरील यादी आधी वाचून घ्या.