मदत हवी आहे: सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय, फवारणीच्या ड्रोनच्या रडारजवळ त्यांना येऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी, सांगली जिल्ह्यातून लिहितेय, जरा लांबलचक झालंय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज. मी बचत गटातर्फे ड्रोन दीदीचं 15 दिवसांचं ट्रेनिंग केलंय, वर्ष झालं उसावर आणि सोयाबीनवर फवारणीची कामं घेते. पहिल्या दिवसापासून सोबत आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे. टेम्पो चालवणं, टाकी भरणं, बॅटऱ्या बदलणं, शेताच्या पलीकडच्या बांधावर उभं राहून विजेच्या तारा आणि झाडं बघून मला हाक मारणं, सगळं त्यांच्याकडे. मी रिमोटवर असते तेव्हा माझे दुसरे डोळे तेच.

अण्णांचं वय 56. चालताना दम लागायला लागला, दोनदा शेतात चक्कर येऊन खाली बसले, टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) निघालं की एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून अंगाला रक्त सोडणारी झडप, कॅल्शियम साचून पार अरुंद झालाय. चार महिन्यांपूर्वी ओपन हार्ट करून मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून घरी पेढे वाटले आणि तिसऱ्या दिवशी ठोके एकदम वेडेवाकडे, दीडशेच्या वर, एएफ (ठोक्यांचा ताल बिघडणं) म्हणाले, ते गोळ्या-इंजेक्शनने आटोक्यात आलं तर पुढे उलटंच, ठोके पस्तीस-चाळीसवर उतरले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की हृदयाचा करंट खाली नेणारा रस्ता त्या व्हॉल्व्हला अगदी खेटून जातो, टाक्यांनी नाहीतर सुजेने तो दबतो, काही जणांचा सूज उतरली की परत चालू होतो. म्हणून आठवडाभर छातीतून बाहेर काढलेल्या टेंपररी वायरवर, म्हणजे बाहेरच्या मशीनने ठोके देत ठेवून वाट बघितली. त्या सात रात्री मी मॉनिटरचा आकडा बघत काढल्या. नाही चालू झाला, मग डाव्या बाजूला पेसमेकर बसवला.

आता तब्येत चांगली आहे, रोज दोन किलोमीटर चालतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ती जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा तपासणीतला आकडा) दोन ते तीनमध्ये ठेवायला सांगितलंय. आधी एकदा तो साडेचारवर गेला होता, कारण गुडघा दुखतो म्हणून त्यांनी मेडिकलमधून पेनकिलर आणून चार दिवस खाल्ली. कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल तर हे लक्षात ठेवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी दुखण्याची गोळीसुद्धा नाही.

तर प्रश्न असा. डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या इंग्रजी कागदावर कशापासून लांब राहायचं त्यात वेल्डिंग, मोठे लोहचुंबक आणि रडार असं लिहिलंय. आमच्या ड्रोनला खाली आणि पुढे रडार आहे, खालचं पिकापासून उंची धरतं आणि पुढचं अडथळा ओळखतं. गावात कुणीतरी अण्णांना सांगितलं की रडार चालू झालं की मशीन बंद पडेल आणि माणूस जागेवर जाईल. तेव्हापासून ते टेम्पोच्या जवळपासही येत नाहीत, ओट्यावर बसून असतात, बोलत नाहीत फारसं. सासूबाई म्हणतात नकोच ते. मला त्यांचा जीव धोक्यात घालायचा नाहीये पण नुसत्या भीतीपायी त्यांना घरी बसवायचं पण नाहीये. कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा.

प्रतिसाद 1
ताई, मी ड्रोन दुरुस्तीचं काम करतो. कागदावरचं रडार म्हणजे विमानतळावरचं, लष्कराचं, मोठ्या ताकदीचं. फवारणीच्या ड्रोनवरचं साधारण 24 किंवा 77 गिगाहर्ट्झचं असतं, ताकद मोबाईलपेक्षाही कमी. 24 गिगाहर्ट्झची लाट सव्वा सेंटीमीटरची, कातडीच्या वरच्या थरातच जिरते, पेसमेकर त्याच्या आत टायटॅनियमच्या डबीत. लाटेची फ्रिक्वेन्सी सतत बदलत पाठवायची आणि पिकावर आपटून परत आलेल्या लाटेशी फरक मोजून अंतर काढायचं, एवढंच ते करतं. धुरळा आणि फवाऱ्याच्या धुक्यात कॅमेरा आंधळा होतो तिथे हे चालतं, म्हणून लावलेलं असतं. पण बारीक तार त्याला दिसेलच असं नाही, म्हणजे बांधावर अण्णांची गरज आहेच.

प्रतिसाद 2
मी कार्डियाक वॉर्डमध्ये सिस्टर आहे. रडारपेक्षा मला बाकीच्या गोष्टींची काळजी वाटते. ड्रोनच्या मोटरमध्ये चांगले ताकदवान चुंबक असतात, त्यामुळे मोटर किंवा ती बसवलेली ड्रोनची दांडी छातीशी धरून ड्रोन उचलायचा नाही, मोबाईलसारखंच निदान 15 सेंटीमीटर अंतर हवं. चुंबक जवळ आला तरी पेसमेकर सहसा बंद पडत नाही, तेवढ्यापुरता ठरलेल्या एकाच वेगाने ठोके देतो आणि लांब गेला की पूर्ववत होतो. शॉक देणारं मशीन म्हणजे आयसीडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चुंबकाने शॉक थांबतो, म्हणून अण्णांच्या कार्डावर नक्की काय लिहिलंय ते बघा. बॅटरी चार्जिंगचा जनरेटर चालू असताना त्यावर वाकायचं नाही, हातभर लांब.
आणि सगळ्यात महत्त्वाचं ड्रोनचे पंखे. रक्त पातळ असलेल्या माणसाला त्या पात्याचा घाव लागला तर रक्त थांबणार नाही. मोटर पूर्ण थांबून तुम्ही हात वर केल्याशिवाय अण्णांनी जवळ यायचं नाही. वीस लिटरचे कॅन पण इतक्यात नकोत, छातीचं हाड जुळलं का ते आधी सर्जनना दाखवा.

प्रतिसाद 3
माझ्या वडिलांना पण व्हॉल्व्ह आहे. दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही विचारून ठेवा. आणि अचानक तोंड वाकडं, बोबडं बोलणं, एक हात गळणं, किंवा व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू यायची ती मंद झाली तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. टिकटिकचं माहीत नव्हतं, सासूबाईंना आत्ताच सांगितलं, रात्री शांत असलं की त्यांना ऐकू येते. कार्ड काढून बघितलं, पेसमेकरच आहे, आयसीडी नाही. बुधवारी पेसमेकर चेक करायला जायचंय, तेव्हा ड्रोनच्या माहितीपुस्तिकेतलं रडारचं आणि रिमोटचं पान डॉक्टरांना दाखवते आणि त्यांनी हो म्हटलं तरच नेणार. पहिल्या दिवशी फक्त पलीकडच्या बांधावर, शिट्टी घेऊन. टाकी आणि कॅनला पुतण्या येतो म्हणालाय. अण्णांना प्रतिसाद 1 वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला त्यांनी.
पेसमेकर असून शेतात मोटर, स्टार्टर, झटका मशीनचं कुंपण असलं सगळं वापरणारं कुणी असेल तर तुम्ही काय काळजी घेता तेही लिहा.