सॅली डेव्हिस यांनी प्रतिजैविकांसाठी (अँटिबायोटिक औषधांसाठी) नेमके काय केले? गोव्यातील व्याख्यानासाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न (वाचनालय कार्यकर्ता, फोंडा)

आमच्या वाचनालयात दरमहा एका व्यक्तीच्या कार्यावर व्याख्यान होते. पुढच्या महिन्यासाठी मी ब्रिटनच्या डेम सॅली डेव्हिस यांची निवड केली आहे. त्या मूळच्या रक्तविकारतज्ज्ञ. लंडनमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांवर उपचार करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. जंतुशास्त्र हे त्यांचे क्षेत्र नव्हते आणि त्यांच्या नावावर एकही नवे औषध नाही. असे असूनही औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला की त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, ते कशामुळे? शिवाय श्रोत्यांना हे परक्या देशातील एका अधिकाऱ्याचे चरित्र वाटू नये, यासाठी इथला कोणता धागा जोडता येईल?

उत्तर (निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पणजी)

डेव्हिस 2011 मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी, म्हणजे आरोग्याबाबत सरकारच्या प्रमुख सल्लागार, झाल्या. हे पद 1855 पासूनचे असून त्यावर आलेल्या त्या पहिल्या महिला. त्याआधी आरोग्य खात्यात संशोधनाचा कारभार सांभाळताना त्यांनी 2006 मध्ये राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था उभी केली होती, त्यामुळे सरकारी पैसा कुठून निघतो आणि कुठे अडतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्या मते त्यांच्या पुढच्या यशाचे मूळ इथे आहे.

मार्च 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला वार्षिक अहवाल त्यांनी संसर्गजन्य रोगांना आणि प्रतिजैविकरोधाला, म्हणजे जंतूंनी प्रतिजैविकांना दाद न देण्याला, वाहिला. त्यातील सर्वांत महत्त्वाची मागणी वैद्यकीय नव्हतीच. दहशतवादी हल्ले आणि महापूर यांसारख्या संकटांची नोंद ज्या राष्ट्रीय धोका-सूचीत होते, तीत प्रतिजैविकरोधही घालावा, असे त्यांनी सुचवले. जो प्रश्न आजवर डॉक्टरांच्या परिषदांपुरता होता, तो त्यामुळे अर्थमंत्री आणि पंतप्रधान यांच्या टेबलावर गेला. 2014 मध्ये अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांच्याकडे या प्रश्नाचा आढावा सोपवण्यात आला. वेळीच उपाय न झाल्यास 2050 पर्यंत दरवर्षी 1 कोटी माणसे दगावू शकतात, हा बहुचर्चित अंदाज त्याच आढाव्यातला. सप्टेंबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावर उच्चस्तरीय बैठक घेतली, तीमागेही डेव्हिस यांचा मोठा पाठपुरावा होता. 2019 मध्ये पद सोडल्यावर त्या केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या प्रमुख झाल्या, परंतु याच कामासाठी ब्रिटनच्या विशेष दूत म्हणूनही त्यांची नेमणूक झाली.

सिकलसेलचा संबंधही व्याख्यानात जरूर सांगावा. या आजारात प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातील अवयव) निकामी होत जाते आणि लहान मुलांना जंतुसंसर्गाचा धोका फार असतो, म्हणून त्यांना वर्षानुवर्षे रोज पेनिसिलिन दिले जाते. प्रतिजैविक निष्प्रभ झाले तर सर्वांत आधी कोणाचे प्राण धोक्यात येतात, हे असे रुग्ण सांभाळणाऱ्या डॉक्टरला कोणी शिकवावे लागत नाही.

श्रोत्यांना दाखवण्यासाठी कल्चर तपासणीच्या बशीचे छायाचित्र मिळवावे. बशीभर जंतू वाढलेले असतात आणि त्यांवर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवलेल्या असतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. लागू पडत नसेल तर जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत चढलेले दिसतात. एकामागून एक चकत्या वर्तुळाविना दिसू लागल्या, की त्या रुग्णाच्या डॉक्टरपुढे किती थोडे पर्याय उरले आहेत ते वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तर (औषधविक्रेती, म्हापसा)

इथला धागा आमच्या फार्मसीच्या काउंटरवर आहे. 1 मार्च 2014 पासून देशात औषधांची एच-1 अनुसूची, म्हणजे काटेकोर नोंद ठेवून विकायच्या औषधांची यादी, लागू झाली. सेफिक्झाइमसारखी तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन गटाची प्रतिजैविके, मेरोपेनेमसारखी गंभीर संसर्गांवरील औषधे आणि क्षयरोगावरील औषधे यांसह 46 नावे मूळ यादीत होती. यांपैकी कोणतेही औषध देताना डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो, तो श्रोत्यांना नक्की दाखवावा.

चवथीच्या सुमारास तापाची साथ असली की लोक गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन येतात आणि म्हणतात, "बाय, हीच दे, चार गोळ्या पुरे." बहुतेकांचा ताप विषाणूचा असतो आणि त्यावर या गोळ्यांचा काहीही उपयोग नसतो. डेंग्यू किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल तर अशा चार गोळ्यांच्या भरवशावर निदान लांबणीवर पडते, हा धोका वेगळाच. मी त्यांना आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायला सांगते. काही जण चिडून दुसऱ्या दुकानात जातात आणि तिथे त्यांना गोळ्या मिळाल्या, तर माझी नोंदवही कितीही चोख असली तरी तिचा उपयोग काय? म्हणूनच सर्व दुकानांची तपासणी सारख्याच काटेकोरपणे व्हावी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (औषधनिर्मिती कर्मचारी, वेर्णा)

एक मुद्दा राहिला. नवे प्रतिजैविक बाजारात आले की ते जपून वापरावे लागते, म्हणजे खप कमी, म्हणून कंपन्या या क्षेत्रातून अंग काढून घेतात. ब्रिटनने 2022 मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी खपावर अवलंबून नसलेली ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचा करार केला. अग्निशमन दलाला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही, तसाच हा विचार आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. "औषधाचा कोर्स पूर्ण करा" हा संदेश व्याख्यानाच्या शेवटी द्यावा का?

उत्तर (निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पणजी)

तसाच्या तसा देऊ नये. न्यूमोनियासह अनेक संसर्गांत कमी दिवसांचे उपचारही तितकेच गुणकारी ठरतात, असे चाचण्यांत दिसून आले आहे आणि गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्याने शरीरातील इतर जंतूंना प्रतिरोध कमावण्याची संधी मिळते. याउलट क्षयरोगात मधेच औषध सोडणे घातक आहे. त्यामुळे डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच दिवस औषध घ्यावे, बरे वाटल्यास थांबण्यापूर्वी त्यांनाच विचारावे आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारपणासाठी किंवा शेजाऱ्यासाठी ठेवू नयेत, इतके सांगावे. व्याख्यानाला गोमेकॉतील (गोवा मेडिकल कॉलेजातील) एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावता आले तर प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवा, कारण खरे प्रश्न लोक तेव्हाच विचारतात.