पत्रकारितेतून प्राध्यापकीकडे

'बातमीदाराला विद्यापीठात शिरायला अनुभव पुरतो' हे म्हणणं अर्धंच खरं. सहायक प्राध्यापकाच्या कायम पदाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागतेच. बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेलं आपलं नाव, तिथे कुणी मोजत नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ मध्ये आणलेल्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाला क्षेत्रातला १५ वर्षांचा अनुभव चालतो, पण ते पद फार तर चार वर्षांचं.

मी इथे नागपुरात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, पत्रकारिता शिकवतो. मानधन सहा-सहा महिने रखडतं (बायको बातमीदारीतल्या जुन्या पगाराची आठवण काढतेच). पण हिवाळी अधिवेशनात पोरांना मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर नेलं, मोर्चा अडवला होता. म्हटलं, माणसं मोजा. एक म्हणाला पाचशे, दुसरा पाच हजार. मग तिथेच तासभर वाद रंगला.