अंत्यविधीच्या रात्री घरात मॅच लावली, चुकलं का?

धाकटी_पाती:

महिना होत आला, पण डोक्यातून जात नाही म्हणून इथे विचारतोय.

माझा चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होता. 31 ऑक्टोबरला सकाळी ड्युटीवर असतानाच हृदयविकाराने गेला. आदल्या रात्री अकराच्या पुढे त्याचा फोन आला होता. रेंज मिळाली की खुशालीच्या आधी स्कोअर विचारायची त्याची खोड. त्या रात्री मात्र तोच सांगत सुटला, "जेमिमा 127 नॉटआउट! 339 चं टार्गेट, ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं!" मी महिला वर्ल्डकपची ती सगळी सेमीफायनल बघितली होती, तरी गप ऐकून घेतलं. ठेवताना म्हणाला, "रविवारी पोरीला शेवटपर्यंत बघू दे, मध्येच झोपायला पिटाळू नका." पोरगी म्हणजे त्याची मुलगी. बारा वर्षांची आहे, लेगस्पिन टाकते.

रविवारी, 2 नोव्हेंबरला सकाळी गाडी आली. पेटीवर तिरंगा, सोबत पलटणीचे सुभेदार साहेब आणि दोन जवान. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, फौजी घरं पुष्कळ, त्यामुळे गर्दी शिस्तीत होती. फ्लेक्स मात्र रातोरात लागले होते आणि त्यावर दादापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. असो.

बिगुल वाजला. जवानांनी रायफली उलट्या करून माना खाली घातल्या. मग हवेत तीन फैरी. पहिल्या फैरीलाच ओढ्याकाठचे बगळे उठले. सगळे चितेकडे बघत होते आणि माझं लक्ष होतं एका जवानाकडे, तो गवतात वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचत होता. मोजल्या, एक कमी भरली. पुन्हा मोजल्या. शेवटी पुतणीने मूठ उघडली. सुभेदार साहेबांनी पुंगळी घेतली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाकीच्यांबरोबर रुमालात बांधून टाकली. अग्नी तिनेच दिला.

रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं. शेजारून पिठलं-भाकरी आली होती, तिला कोणी हात लावेना. पावसामुळे फायनल दोन तास उशिरा सुरू झाली होती, हे मला माहीत होतं पण तोंडातून काढलं नाही. साडेनऊच्या सुमाराला पोरगी माझ्या काकूंपाशी, म्हणजे तिच्या आजीपाशी गेली. "आजी, बाबा म्हणाले होते." काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "लाव. आवाज बारीक ठेव."

आम्ही पाच-सहा जण बसलो. शतक ठोकून बसलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टने चेंडू उंच मारला, तो आपल्या अमनजोतच्या हातातून दोनदा उसळला, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "धरला का गं?"

बारानंतर भारत जिंकला. आमच्या आळीत चिटपाखरू बोललं नाही, पण पलीकडच्या वाडीत फटाके वाजले. वहिनी दचकून उठून बसली.

सकाळी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माणूस जाळून बारा तास झाले नाहीत आणि यांच्याकडे क्रिकेट." तेव्हापासून ती फोन उचलत नाही. चुकलं का आमचं?

माजी_सुभेदार:

बाळा, वहिनींना आधी माझा जय हिंद सांग.

फौजेत संध्याकाळी गेम्स परेड असते. आमच्या पोस्टवर एक जवान गेला. हेलिकॉप्टरने त्याला खाली पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी व्हॉलीबॉलचं नेट बांधायला सांगितलं. आम्हाला संताप आला होता. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्याच्या जागेवर कोणी उभं राहीना, म्हणून सहा विरुद्ध पाच खेळलो आणि पाचवाले हरले. त्या रात्री लंगरमध्ये सगळे जेवले. आदल्या रात्री कोणी जेवलं नव्हतं.

तिरंग्याचं सांगतो. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि अग्नी द्यायच्या आधी ध्वज काढून घेतात, तो चितेत जाता कामा नये. ध्वजसंहितेतच आहे. आता वहिनींकडे असेल तो कोरड्या जागी घडी करून ठेवा. कोणी कार्यक्रमाला मागितला तर देऊ नका. आणि खोका, म्हणजे रिकामी पुंगळी, कमी भरला की सुभेदाराची रात्र कागदं लिहिण्यात जाते, पोरीने परत दिला ते बरं केलं.

फॅमिली पेन्शन आणि ग्रुप इन्शुरन्सची कागदं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी बोलून लवकर उरका. अडलं तर साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

कराडची_लेक:

मी आत्याच्या बाजूने. आमचे वडील गेले तेव्हा भाऊ दहाव्याच्या आत मोबाइलवर आयपीएल बघत बसला होता, मला अजून बोचतं. सुतक देवासाठी पाळा न पाळा, रडायला आलेल्या माणसाला चार भिंती तरी मोकळ्या हव्यात की नाही? टीव्ही लागल्यावर तुमच्या आत्यांनी कुठे जाऊन रडायचं होतं? पोरीला बापाने शब्द दिला होता हे मान्य. मग तिला शेजारी नेऊन दाखवायची.

कट्ट्यावरचा_अंपायर:

1999 च्या वर्ल्डकपमध्ये वडील गेले तेव्हा सचिन घरी येऊन परत इंग्लंडला गेला आणि केनियाविरुद्ध नाबाद 140 केल्या. त्याला कोणी नावं ठेवली का?

कराडची_लेक:

तो खेळायला गेला होता हो, बघायला नव्हता बसला.

धाकटी_पाती:

कराडच्या ताई, शेजारी न्यायचं सुचलंच नाही हे खरं. आत्या त्या रात्री मागच्या पडवीत बसली होती, थंडीत. हे मला तुमचं वाचल्यावर आठवलं. मासिकाला ती येणार आहे, तेव्हा माफी मागतो. मॅच लावल्याची नाही, पडवीची.

एक सांगायचं राहिलं होतं. पोरगी दिवसभरात रडली नव्हती, अग्नी देतानाही नाही. हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला, दीप्तीची पाचवी विकेट, आणि तिने सवयीने माझा मोबाइल उचलला. दादाचा नंबर सगळ्यात वरच होता. मग रडली. काकू बाहेर आल्या आणि तिला घेऊन आत गेल्या.

सुभेदार साहेब, एक विचारायचं होतं. पलटणीकडून त्याची ट्रंक आली, सोबत सामानाची यादी. यादीत 'क्रिकेट बॅट, 1' लिहिलंय, ट्रंकेत बॅट नाही. तिथल्या पोरांकडे राहिली असेल तर राहू द्या म्हणायचं आहे. तसं चालतं का, की त्यावरून कागद अडतील?

माजी_सुभेदार:

चालतं. पण तोंडी नको. वहिनींच्या सहीने लिहून द्या की बॅट कंपनीला, म्हणजे त्याच्या तुकडीला दिली. नाहीतर ती पोरं खेळायची नाहीत, कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवतात त्या खोलीत, जमा करून ठेवतील.