नळीचं नाव की नळीचं माप?

कानस
स्टीलच्या सायकलींबद्दल '८५३ ची फ्रेम मऊ आणि जिवंत, ४१३० म्हणजे निव्वळ पाइप' हे छातीठोक विधान पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) असो, १९३५ पासूनची रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ नळी असो की तिचीच ८५३, यंग गुणांक (धातूचा मूळ ताठपणा) सगळ्यांचा २०० ते २१० गिगापास्कलच्या घरात. मिश्रधातू बदला, उष्णतोपचार करा, तो फारसा हलत नाही. व्यास आणि जाडी तीच, तर लवणंही तेच. स्टिकर झाकून चालवा आणि ओळखून दाखवा.

पॅडलपंत
गुणांक आम्हालाही शिकवला होता हो. ८५३ ची ताकद जास्त, म्हणून मधला भाग ०.५, क्वचित ०.४ मिमीपर्यंत पातळ ठेवता येतो. साधी नळी तेवढी पातळ केलीत तर लगेच पोचे पडतील. पातळ नळी जास्त लवते. मग फरक मिश्रधातूनेच पाडला ना?

कानस
जाडीने पाडला. मिश्रधातूने फक्त परवानगी दिली. आता माप बघा. २८.६ मिमी व्यासाच्या डाउन ट्यूबचं (हँडलखालून पॅडलकडे उतरणारी नळी) पोट, म्हणजे मधली जाडी, ०.९ वरून ०.६ मिमी केलं की ताठपणा साधारण ३० टक्के घटतो. तीच ०.६ ठेवून व्यास ३१.८ करा, ताठपणा परत जवळजवळ जुन्याइतका, वजन मात्र पाव हिश्श्याने कमी. कारण ताठपणा जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो, व्यासाच्या मात्र घनाच्या. 'हलका संच हवा' म्हणून ओव्हरसाइज (जास्त व्यासाचा) मागवायचा आणि फ्रेम पहारीसारखी निघाली की कारागिराला बोल लावायचा, हे नेहमीचंच.

हवा_भरा
दोघेही गणितात रमलात. खड्ड्यात नळ्या नाही, टायर दबतो. फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने जेमतेम लवतो, त्यामुळे 'बारीक सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) म्हणजे आराम' ही निव्वळ समजूत. २५ मिमी टायर हवेच्या ७ बार दाबावर आणि ३२ मिमी ४.५ बारवर, एवढ्या बदलापुढे नळीचा फरक किरकोळ. दोन फ्रेमची तुलना करायची तर चाकांची तीच जोडी, तोच दाब आणि दाब मोजायला तोच गेज. नाहीतर बोलू नका.
खरं लवतो तो पुढचं चाक धरणारा चिमटा. बारीक, टोकाकडे निमुळती होत पुढे वळलेली पाती हाताला लगेच कळतात. डिस्क ब्रेक लावायचा तर कॅलिपरच्या बाजूचं पातं जाड घ्यावंच लागतं, आणि तो आराम तिथेच संपतो. मग शिव्या खाते डाउन ट्यूब!

पॅडलपंत
चिमट्याचं मान्य. पण उभ्या लवण्यावरच अडकलात. पॅडलवर उभं राहिलं की बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो तो भाग) आडवा सरकतो, तो टायरमुळे नाही. तसंच टॉप ट्यूब (सीट ते हँडल वरची नळी) २५.४ ची आणि पातळ, वर हँडलला जड पिशवी, मग उतारावर हँडल थरथरतं की नाही? गुडघा टॉप ट्यूबला टेकवला की थांबतं.
आणि एक सांगतो. नळ्यांचे सांधे वितळलेलं पितळ किंवा चांदीचं डाख भरून जोडतात; नळी कुठलीही घ्या, ९०० अंशांच्या पितळाने भाजली की तिचा जीव जातो. चांदीच वापरावी. रेनॉल्ड्सच्याच ७५३ नळीला चांदी सक्तीची होती, ती काय उगाच?

पितळी
आलं का हे पुराण! ७५३ ला चांदी लागायची कारण तिची ताकद उष्णतोपचारातून आलेली, जास्त तापात ती उतरते. ताकद उतरते, ताठपणा नाही. राइडशी संबंध शून्य. बटेड नळीची टोकं (बट) मधल्या भागापेक्षा जाड ठेवतात ती याच तापासाठी.
खरी चूक कापताना होते. दोन्ही टोकांच्या बटची लांबी बहुधा सारखी नसते. ड्रॉइंग न बघता आखूड बाजूने कापली की लगच्या (नळ्या ज्यात बसतात तो सांध्याचा तुकडा) टोकाशी ०.५ चा भाग येतो, आणि पुढे तडा तिथेच. मग म्हणायचं 'पितळाने नळी मारली'.

पॅडलपंत
चांदी ६५० अंशांच्या आसपास वाहते, नळी कमी वाकडी होते, सीट ट्यूब कमी अंडाकृती होते. २८.६ ला वर ०.६ जाडी असेल तर आत २७.४ राहतात, २७.२ ची सीटपोस्ट (सीटचा दांडा) बसवायला रीमर (भोक साफ गोल करणारं हत्यार) किती फिरवावा लागतो ते विचारा कुणालाही. शिवाय चांदीचा फ्लक्स (जोडताना सांध्याला लावायचं रसायन) गरम पाण्यात विरघळतो. पितळाचा काचेसारखा चिकटतो, बसा खरवडत.

पितळी
आणि चांदीला लगमध्ये ०.०५ ते ०.१ मिमी फट लागते. लग आतून कानसून बसवण्याचा धीर किती जणांना? फट मोठी झाली की चांदी नुसती कडेला चमकते, आत पोकळ. पितळ तेवढी फट भरून काढतं. ज्वाला मात्र हलती ठेवा. पांढरा धूर दिसला म्हणजे पितळातलं जस्त जळतंय, ताप जास्त झालाय. आणि सांधा पाण्याने गार करू नका, क्रोमोली ठिसूळ होते. हे पाळायचं नाही आणि दोष धातूला, वा!

कानस
पितळ-चांदीचा वेगळा आखाडा काढा, इथे राइडवर बोला. पंत, आडव्या लवण्याचा मुद्दा बरोबर आहे, नाईलाजाने मान्य. पण तिथेही व्यासच बोलतो: ०.६ चीच टॉप ट्यूब २५.४ ऐवजी २८.६ घेतली तर ताठपणा ४० टक्क्यांहून जास्त वाढतो. चालवणारा ९० किलोचा असेल तर मी डाउन ट्यूब ३१.८ ची ०.८/०.५/०.८ (टोक/मध्य/टोक) आणि टॉप ट्यूब २८.६ चीच घेईन. ६० किलोच्या माणसाला तीच फ्रेम लाकडासारखी लागेल. त्याला २८.६ आणि २५.४ द्या, नळीवर नाव काहीही असो.

पॅडलपंत
घ्या, शेवटी पातळ ०.५ च निवडलीत! ती साध्या ४१३० मध्ये घ्या आणि दुरुस्तीच्या स्टँडच्या जबड्यात टॉप ट्यूब धरून बघा. बाकी मापांचं ऐकलं. चांदी सोडणार नाही.