पोरांची डोकी चालतील अशी कोडी हवीत

देवगडकरीण
सुट्टीला घरी नऊ पोरं जमलीयत, सहा ते तेरा वयाची, चार मुंबईची बाकी इथलीच. संध्याकाळी लाईट गेली की पडवीत बसून कोडी घालतो पण मोठी दोघं मोबाईलवर उत्तर शोधून मोकळी होतात आणि धाकटी हिरमुसतात. आजी हुमाणं म्हणजे कोडीच घालायची त्यातलं "कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी" एवढंच आठवतं, आणि लसूण हे उत्तर आता सगळ्यांना पाठ झालंय. मला अशी हवीत की पोरं आपसात वाद घालतील.

खाडीकाठ
ताई, हे घाला. जेटीला होडी बांधलीय, होडीच्या कडेवरून दोरीची शिडी सोडलीय, पायऱ्या एकेक फुटावर, शेवटची पाण्याला टेकलेली. भरतीचं पाणी तासाला अर्धा फूट चढतं तर चार तासांनी किती पायऱ्या बुडतील? बरेच जण पटकन दोन म्हणतात. खरं तर एकही नाही, पाण्याबरोबर होडीही वर येते.
पण खरी मजा पुढे आहे. आमच्या वाडीतली आठ वर्षांची पोर म्हणाली, आधी होडी कुठाय ते सांगा. ओहोटीला आमच्या खाडीत होडी चिखलात बसते, भरती लागली तरी लगेच उचलत नाही, पुरेसं पाणी झालं की मग तरंगते, तोवर एखादी पायरी बुडेल की! बापाबरोबर रोज जाते ती, तिने बघितलेलं. तेव्हापासून मी बरोबर-चूक सांगतच नाही, "कशावरून?" एवढंच विचारतो.

रातांबा
पोरांनाच कोडी करायला लावा, मोबाईलचा प्रश्नच मिटतो. घरातली एक वस्तू घ्यायची आणि नाव न घेता सांगायची. माझ्या भाचीने केलेलं: "झाडावर लाल, उन्हात काळी, पाण्यात पडली की पुन्हा लाली". सोलं, म्हणजे आमसुलं! अंगणात वाळत घातलेली बघत बघत जुळवलंन. कोडं सोडवण्यापेक्षा करताना जास्त डोकं लागतं असं माझं ठाम मत आहे.

उत्तरकोकणी
मोठ्या दोघांना ६१७४ द्या. चार आकडी संख्या घ्यायची, सगळे आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी. उत्तरावर परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे कितीही करा तिथेच राहते. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतेच. हे शोधणारे द. रा. कापरेकर आमच्या डहाणूला १९०५ साली जन्मले, देवळालीला शाळेत शिकवायचे. पोरांना हेही आवर्जून सांगा. तीन आकडी घेतली तर काय होतं ते मात्र त्यांनाच शोधू द्या.

देवगडकरीण
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! काल शिडीचं घातलं. सहा वर्षांचा धाकटा म्हणाला, होडीची दोरी आखूड असली तर ती वर कशी येईल? झालं, जेवणं राहिली बाजूला. बादलीत तळाला दगड, त्याला सुतळीने करवंटी बांधली आणि थोरला तांब्याने पाणी ओतत राहिला. सुतळी ताणली तशी करवंटी कलली आणि पाणी आत शिरलं. मोबाईल कुणालाच आठवला नाही. आता उद्या पहाटे ओहोटीला सगळे जेटीवर निघालेत, खऱ्या होडीची दोरी किती सैल सोडतात ते बघायला.