कोर्स दोन झाले, पण टॉवेलवरची तुटलेली तार काय सापडेना

आठमागवाला, सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. मी बी.कॉम. पायथन यूट्यूबवर शिकलो. वर्षभर रात्री जागून अँड्र्यू एंग यांचा कोर्सेरावरचा कॉन्व्होल्युशनल नेटवर्कचा (म्हणजे कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवण्याचा) कोर्स केला, मग आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या एनपीटीईएलवरचा विनीत बालसुब्रमण्यन सरांचा १२ आठवड्यांचा. आई म्हणते, सर्टिफिकेटं फ्रेम करून लाव.

आता खरं दुखणं. खराब टॉवेल फोटोवरून कॉम्प्युटरनंच ओळखावा, असं करायचं होतं. मोबाइलवर टॉवेलचे १,१४० फोटो काढले. त्यातले २३ खराब: तुटलेली तार, तेलाचा डाग, लूप गेलेले. गूगलच्या कोलॅबवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन कॉम्प्युटरवर, रेसनेट-५० हे फोटो ओळखणारं मॉडेल शिकवलं. अचूकता ९८ टक्के! पप्पांनी ढळढळीत डागाचा टॉवेल पुढे केला, मॉडेल म्हणतं 'चांगला'. वैतागून चहाच्या कपाचा फोटो दिला. तोही 'चांगला'. आता तिसरा कोर्स कुठला लावू? फास्ट एआय बरा म्हणतात.

बाळीवेशीचा, सध्या पुण्यात
कोर्स राहू दे. १,१४० पैकी १,११७ चांगले, म्हणजे डोळे मिटून सगळ्यांना 'चांगला' म्हटलं तरी ९८ टक्केच येतात. तुझं मॉडेल तेच करतंय. २३ पैकी किती पकडले, तेवढंच मोज. आणि एकाच टॉवेलचे दोन फोटो, एक शिकवायला नि एक परीक्षेला, असं झालं नाही ना? मी हाच घोळ घालून साहेबांसमोर तोंडावर पडलोय.

पिक्सेलताई
भाऊ, फोटो आत जाताना केवढा होतो ते बघितलंत का? रेसनेटला सहसा २२४ बाय २२४ करून देतात. तुमचा टॉवेल ६० इंची धरला, तर १,५२४ मिलिमीटर २२४ पिक्सेलमध्ये कोंबले. एक पिक्सेल म्हणजे जवळपास ७ मिलिमीटर! तुटलेली तार त्यात उरेलच कशी? मॉडेलला ती दिसलेलीच नाही. मूळ फोटोचे चौकोनी तुकडे पाडा आणि एकेक तुकडा द्या.

दुसरं, २३ खराब नमुन्यांवर 'खराब' शिकवण्यापेक्षा फक्त चांगलं कापड शिकवा, वेगळं दिसेल ते बाजूला काढायचं. २०१९ चा एमव्हीटेक एडी हा फोटोसंच अशाच कामासाठी आहे. त्यात कार्पेटही आहे, विणीच्या जवळचं. सरावाला घ्या, धंद्याला नको, परवाना तसा नाही. मग पॅचकोर नावाची पद्धत वाचा, ती चांगल्या नमुन्यांच्या तुकड्यांशी ताडून वेगळं ते शोधते. तुमचे दोन कोर्स झालेत, समजेल.

रिटायर्ड मास्तर
मला तुमचं कॉम्प्युटरचं कळत नाही, कापड कळतं. ३० वर्षं टॉवेल तपासलेत. लूप गेलेला समोरच्या उजेडात दिसत नाही, बाजूनं आडवा उजेड टाकला की सावली पडते आणि खड्डा उठून दिसतो. तुम्ही फोटो वरच्या ट्यूबलाइटखाली काढले असणार.

आठमागवाला, सोलापूर
मास्तर, ट्यूबलाइटखालीच काढले हो! पप्पा टॉवेल खिडकीशी तिरका धरून बघतात, रोज बघत होतो, डोक्यात शिरलं नाही.

एलईडीची पट्टी टेबलाच्या कडेला आडवी लावली, मोबाइलचं एक्स्पोजर लॉक केलं, फोटोचे तुकडे पाडले. तार आता मला तरी स्क्रीनवर दिसतेय. मॉडेलचं रविवारी बघतो. ताई, फास्ट एआय तूर्त राहिलं.

खराब माल लगेच विकू नका, आधी मला द्या, असं पप्पांना सांगितलंय. म्हणाले, "सेकंडचा माल किलोवर जातो. त्याचे पैसे तुझा कोर्स देणार काय?"